ताट रिकामे परत करू नये

दिवाळी अंकात भांडण काढू नये, असा एक संकेत आहे. एका हाताने चकली मोडताना दुसऱ्या हाताने कुणाचे डोके फोडू नये, हे मलाही कळते. पण माझे भांडण निघाले तेच मुळी फराळाच्या ताटावरून. तेव्हा वाचकांनी लाडू खाता खाता ते ऐकून घ्यावे, आणि पटले नाही तर खुशाल मला चार शब्द सुनवावेत.

मी नगरचा. नकाशात आता अहिल्यानगर लिहितात. जातीने विचाराल तर सांगणार नाही, धर्माने ख्रिस्ती, पेशाने निवृत्त शाळामास्तर. आमच्या आळीत दिवाळीला सात-आठ घरांतून माझ्याकडे ताट येते. वर क्रोशाचा रुमाल, खाली करंज्या, शेव, अनारसे. नाताळात ती ताटे आमच्याकडून भरून परत जातात. मधल्या काळात एखादे ताट परत करायचे झाले, तर आमची ही त्यात निदान चिमूटभर साखर घालायची. “भरलं ताट आलं, ते रिकामं परत करू नये,” हे तिचे शास्त्र. ते तिने कुठल्या पोथीतून काढले नव्हते. तुमच्या आईने तुम्हाला शिकवले, तिच्या आईने तिला.

ती गेली त्याला आता नऊ वर्षे झाली. त्यानंतर दोन वर्षांनी शेजारच्या नानांचा मुलगा अपघातात गेला. तेरावा होऊन गेल्यावर एका रात्री नाना माझ्या ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मास्तर, वहिनी गेल्या तेव्हा तुम्ही कशाच्या जोरावर उभे राहिलात? मला खरं सांगा.”

खरे उत्तर मला ठाऊक होते. रोज पहाटे उठून मी कुणाशी बोलत होतो, कुणापाशी रडत होतो, कुणावर रागावत होतो, ते सारे ओठांवर आले होते. पण मनात पाल चुकचुकली. उद्या आळीत म्हणतील, मास्तरांनी नानांच्या दुःखाचा मोका साधला. पोरगा जाऊन महिना झाला नाही तोच यांनी येशू काढला. मी आवंढा गिळला आणि म्हणालो, “नाना, काळ हेच औषध.”

नाना थोडा वेळ बसले, आणि उठून गेले. पुढच्या वर्षी ते लेकीकडे पुण्याला राहायला गेले. त्या माणसाने आपले सगळे दुःख ताटात घालून माझ्या दारी आणले होते, आणि मी ते ताट रिकामे परत पाठवले. चिमूटभर साखरसुद्धा घातली नाही.

माझे भांडण आहे ते ज्यांनी मला मुके केले त्यांच्याशी. त्यांत काही तुम्ही आहात आणि काही माझे स्वतःचे लोक आहेत.

आधी तुमच्याशी. सुशिक्षित मंडळी मला सांगतात, “मास्तर, श्रद्धा ही खासगी गोष्ट. ज्याची त्याने घरात ठेवावी.” वाक्य मोठे गोंडस आहे. पण महाराष्ट्रात असे कोण, कधी वागले आहे? वारकरी आपला विठोबा घरात ठेवत नाही. टाळ-मृदंग घेऊन भर रस्त्याने पंढरपूरपर्यंत गातो. कीर्तनकार देवळात उभा राहून लोकांना जागे करतो. महात्मा फुल्यांनी आपले सत्य तिजोरीत ठेवले नाही. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखोंच्या समोर धर्म स्वीकारला आणि त्याच मैदानावर तो इतरांना दिला. या मातीत ज्याला काही सापडले, त्याने ते सांगितले आहे. मग मी बोललो की त्यालाच ‘प्रचार’ का म्हणायचे?

“तुमची गोष्ट वेगळी. तुमच्यात आमिष असते.” हे दुसरे वाक्य, आणि हे अधिक जिव्हारी लागते. माझे पणजोबा 1899-1900 च्या दुष्काळानंतर ख्रिस्ती झाले. धान्यासाठी बाटले, असे गाव म्हणे. असेल. उपाशी माणसाच्या हेतूचे पृथक्करण भरल्या पोटी करू नये. पण दुष्काळ सरला, धान्य संपले, आणि पणजोबा तिथेच राहिले. कारण तिथे त्यांच्या पोराला पाटी मिळाली आणि बसायला सतरंजीवर जागा मिळाली. ज्या गावाने त्यांना विहिरीवर चढू दिले नाही, त्या गावाने त्यांच्या हेतूची चौकशी करावी, हा न्याय मला उमगत नाही.

आणि आजचे आमिष कोणते? 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा मनुष्य ख्रिस्ती झाला की त्या जातीच्या सवलती गमावतो. पुढे 1956 साली शिखांना आणि 1990 साली बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्त्यांना नाहीत. ज्या सौद्यात घेणाऱ्याच्याच खिशातून जाते, त्याला आमिष म्हणण्यासाठी शब्दकोश नवा लिहावा लागेल.

राज्यघटनेचे पंचविसावे कलम धर्माच्या प्रसाराचा हक्क देते. सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली सांगितले की, या हक्कात आपली तत्त्वे सांगणे येते, दुसऱ्याचे धर्मांतर घडवणे येत नाही. आमच्यातले काही या निकालावर अजून रुष्ट आहेत. मला तो शंभर टक्के मान्य आहे. दुसऱ्याचे मन पालटणे हे माझ्या हातात कधी नव्हतेच. ते देवाचे आणि त्या माणसाचे आपापसातले काम. माझ्याकडे फक्त सांगणे आहे. पण तेवढे तरी माझ्याकडे राहू द्या.

आता माझ्या लोकांशी. आणि इथे माझा आवाज अधिक चढणार आहे, कारण घरचे भांडण.

दोन-तीन वर्षांपूर्वी मी नगरहून पुण्याला एस.टी.ने निघालो होतो. शेजारच्या बाकावर एक म्हातारे वारकरी बसले होते, गळ्यात माळ, मांडीवर पिशवी. सुप्याला आमच्यातला एक उत्साही तरुण चढला. बसता बसता त्याने म्हाताऱ्याच्या हातात पत्रक कोंबले आणि विचारले, “आजोबा, तुमचं तारण झालं आहे का?”

म्हाताऱ्याने पत्रक नीट घडी करून पिशवीत ठेवले. म्हणाला, “बाळा, बस आधी. घाम पूस. कुठनं आलास? जेवलास का?”

पोराला उत्तर सुचेना. मला मात्र माझ्या लोकांची लाज वाटली. माणसाचे नाव विचारण्याआधी ज्याला त्याच्या आत्म्याचा हिशेब हवा असतो, तो शुभवर्तमान सांगत नसतो. तो वसुलीला निघालेला असतो. त्या बसमध्ये ख्रिस्ताच्या अधिक जवळ कोण होते, हे मी इथे लिहिले तर आमचे पाळक रागावतील.

आमच्या धर्मात ‘साक्ष’ असा शब्द आहे. फार चांगला शब्द. आम्ही तो झिजवला. साक्षीदार म्हणजे वकील नव्हे. त्याने युक्तिवाद करायचा नसतो, पक्षकार गोळा करायचे नसतात. ‘मी हे पाहिले’ एवढे सांगून पिंजऱ्यातून उतरायचे असते. आम्ही केले काय, तर वकिली पगारी उपदेशकांवर सोपवली, आणि साक्ष द्यायची वेळ आली की घरी दार लावून बसलो. एक ओरडतो आणि शंभर गप्प. अशी आमच्या मंडळीची विभागणी झाली आहे.

नारायण वामन टिळकांची गोष्ट आठवा. 1893 साली ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यात एक गोरा प्रवासी होता. त्याने आधी संस्कृत काव्याच्या गप्पा मारल्या. जाताना ‘नव्या करारा’ची एक प्रत दिली, वाचा म्हणाला, आणि निघून गेला. टिळकांनी पुस्तक उघडले ते डोंगरावरील प्रवचनापाशी अडकले. मराठी ख्रिस्ती कवितेचा सारा संसार त्या डब्यातल्या दोन घटकांच्या गप्पांतून उभा राहिला, आणि त्या प्रवाशाने तो पाहिलासुद्धा नाही.

पण इथेच थांबलो तर मी अप्रामाणिक ठरेन. 10 फेब्रुवारी 1895 ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंचा संसार मोडून पडला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो खरे, पण त्या हसण्याखाली केवढे रडणे आहे! एका माणसाने आनंदाने दिलेले पुस्तक दुसऱ्या बाईच्या उंबरठ्यावर वीज होऊन पडले. सांगणाऱ्याने हे विसरू नये. आपण बोलून जातो. किंमत कुणाच्या तरी घरात मोजली जाते. लक्ष्मीबाई पुढे 1900 साली ख्रिस्ती झाल्या, पण स्वतःच्या पायांनी चालत, स्वतःच्या डोक्याने विचार करत. सोवळे त्यांचे त्यांनी सोडले. कुणी ओढून काढले नाही.

आणि खुद्द टिळकांनी 1917 साली मिशनचा पगार सोडला, ‘देवाचा दरबार’ काढला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा दिली. डोकी मोजणाऱ्यांना ते तेव्हा पचले नाही. अजून पचत नाही.

म्हणून माझे मागणे दोन्हीकडे एकच आहे. माझ्या लोकांनो, न विचारता कुणाच्या ताटात वाढू नका. पण कुणी भुकेने विचारले, तर ताट रिकामे धाडू नका. आणि शेजाऱ्यांनो, तुमचा फराळ मी वर्षानुवर्षे खाल्ला. तो देवापुढे ठेवून मग मला दिलात, हे ठाऊक असूनही गोड लागला. माझ्या घरचे तुम्हाला दिले, तर त्यात विष शोधू नका. आवडले नाही तर ताटात राहू द्या. मी रागावणार नाही.

गेल्या आठवड्यात मी नानांना पत्र लिहिले. सात वर्षे उशिरा. “त्या रात्री तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी चुकवले. काळ औषध नव्हता. मी उभा राहिलो तो असा,” असे म्हणून दोन पानांत होते तसे लिहिले. शेवटी म्हटले, “हे तुम्ही मानावे म्हणून लिहीत नाही. तुम्ही विचारले होते, म्हणून लिहितो.”

काल उत्तर आले. कार्डावर दोनच ओळी: “मास्तर, पत्र पोचलं. पाडव्याला नगरला येतो, सविस्तर बोलू. फराळ घेऊन येतो, ताट तयार ठेवा.”

ताट घासून ठेवले आहे.