'आज्जी, तुला नाही कळणार': अडचण वयाची की फोनची?

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. आम्ही जुन्या जालन्यात राहतो. आजोबा रेल्वेत होते, त्यामुळे आज्जीला कुटुंब पेन्शन मिळते. हयातीचा दाखला द्यायला मी तिला बँकेत घेऊन गेलो. काउंटरवरच्या माणसाने तिच्याकडे न बघता मला विचारलं, "आजींचा अंगठा लागतो का?" आज्जी समोरच उभी होती! मशीनने अंगठा तीनदा नाकारला. उत्तर मिळालं, "उद्या परत आणा यांना."

मला राग आला. पण रिक्षात आज्जीने विजेचं बिल बघायला फोन काढला, आणि तो मी तिच्या हातातून ओढून घेतला. "दे इकडे, तुला नाही कळणार." ती एवढंच म्हणाली, "त्या माणसात अन् तुझ्यात फरक काय रे लेकरा?"

यालाच वयभेद म्हणतात. इंग्रजीतला 'एजिझम' हा शब्द अमेरिकन डॉक्टर रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये वापरात आणला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार, जगात दर दोन माणसांपैकी एकाच्या मनात वयावरून पूर्वग्रह असतो. म्हणजे तुमच्या-माझ्यापैकी एक जण नक्की. चला तर मग, 'म्हाताऱ्यांना जमत नाही' असं आपण जिथे म्हणतो, तिथे खरं काय घडतं ते बघू.

अंगठा का लागत नाही?

बोटांवरच्या रेषा वयाबरोबर झिजतात, कातडी कोरडी आणि सैल होते. त्यात आयुष्यभर भांडी घासली, शेतात खुरपणी केली, तर स्कॅनरला रेषा नीट दिसतच नाहीत. ही माणसाची चूक नाही, मशीनची मर्यादा आहे. पेन्शनसाठी त्याला पर्यायही आहे. 'जीवन प्रमाण' ही डिजिटल दाखल्याची सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२१ पासून त्यात चेहऱ्यावरून ओळख पटवता येते. फोनमध्ये 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' ही दोन ॲप्स लागतात. आधार नंबर, पीपीओ नंबर आणि खात्याची माहिती भरायची, कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायची, झालं. बँकेतल्या माणसाने हे आज्जीला सांगितलंच नाही. आणि मी तरी कुठे शोधलं होतं?

स्क्रीन 'ऐकत' का नाही?

टचस्क्रीनला बोटातून जाणारा विजेचा बारीक फरक कळतो. कोरड्या, घट्टे पडलेल्या बोटाचा स्पर्श तिला नीट कळत नाही. मग माणूस जोरात आणि जास्त वेळ दाबतो. फोन त्याला 'लाँग प्रेस' समजतो आणि भलताच मेनू उघडतो. आपण म्हणतो, "बघ, बिघडवलंस!" बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी इथे 'टच अँड होल्ड डिले' सापडतो. तो 'लाँग' करा. डिस्प्लेमध्ये फॉन्ट मोठा करा, भाषा मराठी ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

ओटीपीची सवय कोणी लावली?

हे सगळ्यात गंभीर आहे. आज्जीच्या खात्याला नंबर माझा होता, यूपीआय पिन मीच ठरवलेला. बाहेरगावी असलो की पैसे तिलाही कळायच्या आत मीच फिरवायचो. काकांच्या फोनवर त्यांचा मुलगा पुण्याहून सांगतो, "ओटीपी आला की मला वाचून दाखवा." म्हणजे फोनवर कोणी हक्काने मागितलं की आकडे वाचून दाखवायचे, हे आपणच त्यांना शिकवलं. उद्या तसाच हक्काचा आवाज काढून भामट्याने फोन केला तर? आकडे गेले की आपण म्हणतो, "म्हातारपणी बुद्धी चालत नाही." 'डिजिटल अरेस्ट'च्या जाळ्यात तर शिकलेली, तरुण माणसंही अडकली आहेत. त्यांच्याबाबतीत मात्र आपण वय काढत नाही.

पैसे गेलेच, तर वय काहीही असो, लगेच १९३० वर फोन करा. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. आणि सत्तरी ओलांडलेल्यांना घरपोच मूलभूत बँकसेवा द्यावी, असे निर्देश रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना दिले आहेत. 'उद्या परत आणा' असं ऐकलं तर याची आठवण करून द्या.

मग आम्ही काय केलं?

त्या संध्याकाळी फोन आज्जीच्या हातात, आणि माझे हात माझ्या मांडीवर. हाच नियम. चाळीस मिनिटं लागली. पाठीमागे ट्यूबलाइट असल्याने चेहरा दोनदा आला नाही. मी घाईला आलो होतो, पण तिनेच डोकं लढवलं आणि उजेडाकडे तोंड करून दारात बसली. डोळे मिटले, उघडले. दाखला निघाला.

पुढच्या आठवड्यात बँकेत जाऊन खात्याला तिचा नंबर जोडला. यूपीआय पिन तिने स्वतः बदलला. नवा काय ठेवला, हे मी सवयीने विचारलंच.

"कोणालाच सांगायचा नसतो म्हणतोस ना?" ती म्हणाली, आणि फोन पदराआड धरला.