आजार कारखान्याचा, भोग मात्र घराचे

बडोद्याच्या मराठी घरांना रसायन हा शब्द नवा नाही. सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन काढले, तेथे रंगाईचे शास्त्र शिकवले गेले. पुढे दरबारची चाकरी संपली आणि आपल्यापैकी कितीतरी घरांनी औषधे, खते, रंग व पेट्रोरसायनांच्या कारखान्यांत नोकऱ्या धरल्या. त्या पगारांवर घरे बांधली गेली, मुले शिकली. हे आम्ही नाकारत नाही. पण त्याच नोकऱ्यांतून जे आजार घरी आले, त्यांचा हिशेब आपण कधी मांडला नाही. निधनवार्तेत 'अल्पशा आजाराने' असे आपण सवयीने छापतो. तो आजार खरोखर अल्पसा होता की वीस वर्षांच्या पाळ्यांत अंगात मुरला होता, हे कोणी विचारत नाही.

क्रोमियमच्या कामात नाकाच्या पडद्याला भोक पडते. बेंझीनने रक्त तयार होण्याची क्रियाच बिघडते आणि रक्ताचा कर्करोगही होतो. रंग बनवताना वापरल्या गेलेल्या बेंझिडीनने मूत्राशयाचा कर्करोग होतो, तोही अनेकदा काम सोडल्यावर कित्येक वर्षांनी. असा आजार निघाला की आपण देवाला, नशिबाला किंवा तंबाखूला दोष देतो आणि औषधपाण्यासाठी ठेवी मोडतो.

कायद्याची दृष्टी मात्र वेगळी आहे. कामगार नुकसानभरपाई कायदा 1923 चा. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण मूळ तत्त्व तेच राहिले. व्यावसायिक आजारांची एक यादी कायद्याला जोडलेली आहे. त्या यादीतील आजार त्या कामातल्या माणसाला झाला, तर तो अपघाती इजाच समजला जातो. क्रोमियम, बेंझीन, पारा यांच्या विषबाधेसाठी सलग सहा महिन्यांची नोकरी पुरते. मालकाची चूक दाखवावी लागत नाही. आजार कामातून झाला नाही, हे मालकाने सिद्ध करायचे असते.

खरी मेख पुढे आहे. नोकरी सुटल्यानंतर आजार उघडा पडला, तरी हक्क जात नाही. मात्र तो कामातूनच झाला हे दाखवण्याचा भार आता कामगारावर येतो. आणि नेमका तेव्हाच आपल्या हातात कागद नसतो. कोणत्या प्लांटवर, कोणत्या साली, कोणते रसायन हाताळले, हे सांगणारा माणूस अंथरुणावर किंवा गेलेला. घरच्यांना एवढेच माहीत की बाबा फॅक्टरीत होते.

कागदाचे मोल न्यायालयानेही ओळखले आहे. 1995 साली ॲस्बेस्टॉसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. त्या उद्योगाने प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून 40 वर्षे किंवा नोकरी संपल्यावर 15 वर्षे, यांतील जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपावी, असेही सांगितले. हा दावा लावणारी ग्राहक संस्था अहमदाबादची, म्हणजे आपल्या शेजारचीच.

गोध्र्याचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. तेथील दगड दळण्याच्या कारखान्यांत मध्य प्रदेशातले आदिवासी मजूर सिलिकाच्या धुळीने गेले. त्यांच्यापाशी ना नेमणूकपत्र होते ना पगाराची पावती. तरी संस्थांनी गावोगाव फिरून नावे व नोंदी जमवल्या आणि 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्या वारसांना हे मिळाले. मग फायली नीट लावून ठेवणारे आपण गप्प का?

उत्तर आम्हाला ठाऊक आहे. खाल्ल्या मिठाला जागावे, मुलाची त्याच कंपनीतली नोकरी धोक्यात येऊ नये, चार लोकांत बोभाटा नको. या भावना आम्ही समजू शकतो. पण भरपाई मागणे म्हणजे मालकावर गुन्हा लादणे नव्हे, आणि साहेबांनी हातावर ठेवलेली मदत म्हणजे भरपाई नव्हे. हिशेबच पाहा. 2020 साली हिशेबात धरायच्या मासिक वेतनाची मर्यादा 15,000 रुपये झाली. तेवढा पगार असलेला 50 वर्षांचा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला, तर वेतनाचे 60 टक्के गुणिले 153.09, म्हणजे 13,77,810 रुपये होतात. मिळालेली मदत याच्याशी ताडून पाहावी. 'आता काही मागणार नाही' असे लिहून दिले असले, तरी हक्क सोडण्याचा तसा करार कायद्यापुढे टिकत नाही. ठेकेदाराकडच्या कामगाराला मूळ कारखान्याकडेही दावा लावता येतो. ज्यांचा राज्य विमा आहे त्यांनी मात्र मालकाकडे न जाता विमा महामंडळाकडेच मागणी करायची असते. तेथे मासिक लाभ मिळतो.

दाव्याची मुदत साधारणपणे दोन वर्षांची आहे. उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर बसू नये. डॉक्टरांना कामाचे स्वरूप आपणहून सांगावे आणि ते केसपेपरवर लिहून घ्यावे. व्यावसायिक आजाराची खबर सरकारला देणे हे डॉक्टरांचेही कायदेशीर कर्तव्य आहे.

मंडळाकडे आमची मागणी एकच आहे. वधूवर सूचीसाठी आपण घरोघरचा तपशील जमवतो, तशीच एक वही कारखान्यांत राबलेल्यांसाठी उघडावी. नाव, खाते, वर्षे, हाताळलेली रसायने, बरोबरचे दोन साक्षीदार आणि वैद्यकीय तपासण्यांच्या प्रती. निवृत्त सभासद हयात आहेत, त्यांची आठवण शाबूत आहे, तोवरच हे काम होईल. येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा आणि तो शेवटच्या पाच मिनिटांत गुंडाळू नये.