शिकागोत पीएचडीचे प्रवेश थांबले, त्याचा तुमच्या मराठी कीबोर्डशी काय संबंध?

ऑगस्ट २०२५ मध्ये शिकागो विद्यापीठाने जाहीर केलं की, कला आणि मानव्य शाखेतल्या बहुतेक विभागांत २०२६-२७ साठी पीएचडीचे नवे प्रवेश होणार नाहीत. कारण आर्थिक ताण. या यादीत दक्षिण आशियाई भाषांचा विभागही आहे.

आपल्याला काय फरक पडतो?

मराठी शब्दाचा अर्थ कधी ऑनलाइन शोधला असेल, तर मोल्सवर्थचा कोश नक्की समोर आला असेल. १८५७ च्या आवृत्तीचा हा कोश शोधता येईल अशा रूपात याच विद्यापीठाने फुकट उपलब्ध करून दिला. त्याच ठिकाणी मॅक्सीन बर्नसन यांचा मराठी-इंग्रजी कोश आणि शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही आहे.

बर्नसन यांनी पीएचडीसाठी फलटणच्या बोलीचा अभ्यास केला आणि पुढे तिथेच शाळा उभी केली. फेल्डहाउस यांची पीएचडी महानुभावांच्या सूत्रपाठावर. म्हणजे आज आपण दोन सेकंदांत जे सर्च करतो, त्यामागे कुणाची तरी वर्षानुवर्षांची मेहनत आहे.

एआय आहे की आता!

आहे, पण त्याला शिकवायचं कुणी? ‘जग’ हा शब्द घ्या. दुनिया म्हणायची असेल तर ‘ज’ वेगळा, पाण्याचा जग म्हणायचा असेल तर वेगळा. लिहिताना दोन्ही सारखेच. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ही असाच. मजकूर वाचून दाखवणाऱ्या अ‍ॅपला हा फरक आपोआप कळत नाही. उच्चार नोंदवलेला डेटा लागतो, आणि कोणता फरक नोंदवायचा हे भाषेचा अभ्यास केलेला माणूसच सांगतो. इंग्रजीसाठी असा डेटा ढिगाने आहे, मराठीसाठी तुलनेने फारच कमी.

मग काळजी करायची का?

विद्यापीठ बंद पडलेलं नाही, कोशही कुठे जात नाहीत. प्रवेश एका वर्षापुरतेच थांबवलेत. पण एक तुकडी गेली की पुढचे संशोधक, पुढचे शिक्षक कमी होतात. हे नुकसान दहा-पंधरा वर्षांनी दिसतं.

खरा प्रश्न आपल्यासाठी आहे. आपल्या भाषेचा सर्वात हाताशी असलेला कोश शिकागोच्या सर्व्हरवर आहे. तिथला नळ बारीक झाला, तर इथली विहीर कोण खोदणार? मराठी किंवा भाषाविज्ञान घेतलेला एखादा मित्र असेल, तर ‘याला स्कोप काय?’ असं त्याला विचारू नका. मराठी बोलणारा फोन हवा असेल, तर तोच लागणार आहे.