कस्टम आयईएम की साधे इअरफोन? पैसे भरण्याआधी हे वाचा

गेमिंग करणाऱ्या पोरांमुळे आयईएम हा शब्द आता आपल्याकडे चांगलाच रुळलाय. दीड-दोन हजारांत वायरवाले झकास आयईएम मिळतात. ते घेतले की रील्समध्ये पुढची पायरी दिसायला लागते: तुमच्याच कानाच्या साच्यावरून बनवलेले कस्टम इअरफोन. मग प्रश्न येतोच, 'दादा, एवढे पैसे टाकण्यात अर्थ आहे का?' माझं थोडक्यात उत्तर: बहुतेकांना नाही. पण त्यामागचं कारण समजून घ्या, कारण ते थेट तुमच्या कानांच्या तब्येतीशी जोडलेलं आहे.

कस्टम आले कुठून?

१९९५ मध्ये व्हॅन हेलन या अमेरिकन रॉक बँडचे साउंड इंजिनीअर जेरी हार्वी यांनी ड्रमर ॲलेक्स व्हॅन हेलनसाठी कानाच्या मापाचे मॉनिटर बनवले. त्यातूनच अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. स्टेजवर ड्रम आणि स्पीकर्सच्या गोंगाटात स्वतःचं वाजवणं नीट ऐकू यावं, ही त्यांची खरी गरज होती. म्हणजे कस्टम जन्मले ते तासन्‌तास घामाघूम होऊन वाजवणाऱ्यांसाठी, मेट्रोत गाणी ऐकणाऱ्यांसाठी नाही.

खरा खेळ सीलचा

इअरटिप आणि कान यांच्यात फट न राहणं, याला सील म्हणतात. फट राहिली की दोन गोष्टी होतात. आतला बेस बाहेर निसटतो आणि बाहेरचा आवाज आत शिरतो. मग आपण काय करतो? व्हॉल्यूम वाढवतो. धोका सुरू होतो तो इथून.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित आहे. तेच ९० डेसिबलवर फक्त ४ तास. आवाज १० डेसिबलने वाढला की मिळणारा वेळ थेट दहावा हिस्सा! नोकरी-कॉलेजसाठी रोज लोकलने दोन तास जाणाऱ्याचा हा कोटा दोन दिवसांत संपतो. आणि आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. याच संघटनेच्या मते जगात १०० कोटींहून जास्त तरुणांना अशा ऐकण्यामुळे बहिरेपणाचा धोका आहे, एवढं पुरे.

म्हणजे चांगला सील हा शौक नाही, संरक्षण आहे. तो मिळवायला कस्टमच लागतो का, एवढाच प्रश्न उरतो.

कस्टमच भारी, असं नाही

कडक ॲक्रिलिकचे कस्टम बाहेरचा आवाज साधारण २५ डेसिबलच्या आसपास कमी करतात. आता दुसरी बाजू बघा. इटिमोटिक कंपनीच्या १९९१ मध्ये आलेल्या ईआर-४ या युनिव्हर्सल इअरफोनला तीन पाकळ्यांची, कानात खोल जाणारी टिप असते. ती नीट बसली तर ३५ डेसिबल किंवा त्याहून जास्त आवाज अडवते, असं कंपनी सांगते. म्हणजे साच्याशिवायही काम होतं. मात्र एवढं खोल घालणं सगळ्यांना सोसत नाही.

कस्टमचा खरा फायदा वेगळा आहे: रोज तसाच बसतो, हललं तरी निसटत नाही, आणि माप बरोबर आलं असेल तर तासन्‌तास टोचत नाही. तोटेही ऐकून घ्या. माप जरा चुकलं तर परत पाठवा, पुन्हा थांबा. विकायला गेलात तर गिऱ्हाईक नाही, कारण तो कान फक्त तुमचा. वाढत्या वयात कानाचा आकारही बदलतो. आणि ब्लूटूथ इअरबड्सची बॅटरी काही वर्षांत दमते, मग महागडा साचा करून काय उपयोग?

मोठ्या कंपन्यांनीही साच्याऐवजी दुसरा रस्ता धरलेला दिसतो. लॉजिटेकच्या अल्टिमेट इअर्सने २०२० मध्ये 'फिट्स' आणले. कानात घातले की प्रकाशाने टिप एका मिनिटात तुमच्या आकाराची व्हायची. पण बाजार त्या वाटेने गेला नाही. ॲपलने २०२५ च्या एअरपॉड्स प्रो ३ साठी १० हजारांहून जास्त कानांचे स्कॅन अभ्यासले आणि दिल्या काय, तर पाच मापांच्या टिप्स.

मग तुम्ही काय करायचं?

१. बेस असलेलं गाणं लावा आणि इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. बेस एकदम वाढला तर सील नीट नाही, टिपचं माप बदला.

२. दोन्ही कान सारखे नसतात. डावीकडे मीडियम आणि उजवीकडे लार्ज चालत असेल तर तसंच वापरा.

३. सिलिकॉन बसत नसेल तर फोमच्या टिप्स घ्या. दाबून घालायच्या, आत गेल्यावर फुगतात. दोन-चारशे रुपयांत प्रश्न सुटू शकतो.

४. सील जमला की व्हॉल्यूम कमी करा. नाहीतर सगळी मेहनत वाया.

५. रस्ता ओलांडताना किंवा गाडी चालवताना कान बंद नकोत.

एवढं करूनही काहीच बसत नसेल, किंवा तुम्ही स्टेजवर वाजवत-गात असाल, तर कस्टमचा विचार जरूर करा. फक्त माप ऑडिओलॉजिस्टकडेच द्या. ते आधी कान तपासतात, पडद्याच्या अलीकडे छोटा बोळा ठेवतात आणि मगच सिलिकॉन सोडतात. ऑनलाइन किट मागवून घरी हा प्रयोग करू नका. बोळ्याशिवाय सोडलेलं सिलिकॉन पडद्यापर्यंत जाऊन चिकटू शकतं, आणि मग ते काढायला डॉक्टर लागतात. कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल तर आधी ईएनटी गाठा.

बाकीच्यांनी बॉक्समध्ये पडून असलेल्या त्या जास्तीच्या टिप्स आजच शोधा. बऱ्याच जणांचा कस्टम तिथेच सापडेल.