चॅरिटी : दान कीं प्रीति ?

गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांत करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय चालला असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस मोठा मार्मिक प्रश्न विचारिला. त्याच्या घरीं आजोबांच्या वेळचें जुनें इंग्रजी बायबल आहे. मराठींत जेथें 'प्रीति' आहे, तेथें त्या पुस्तकांत नऊही वेळां 'चॅरिटी' हा शब्द छापलेला त्यास आढळला. तो म्हणाला, "सर, चॅरिटी म्हणजे दानधर्म ना? मग आपलें सर्व धन गरिबांस वांटून टाकणाऱ्याजवळही चॅरिटी नसूं शकेल, असें पौल कसें म्हणतो?" ही शंका इतकी मोलाची वाटली कीं, तिचें उत्तर वर्गाच्या चार भिंतींत न ठेवतां सर्व विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें, असें आम्हीं ठरविलें.

पौलानें योजिलेला मूळ ग्रीक शब्द 'अगापे' हा होय. लॅटिन भाषांतरांत त्याचे ठायीं 'कारितास' हा शब्द आला, आणि त्यापासून फ्रेंचच्या वाटेनें इंग्रजींत 'चॅरिटी' आला. लॅटिनमध्यें 'कारुस' म्हणजे प्रिय, मोलाचा. जिवापाड जपणें या अर्थाचें इंग्रजी 'चेरिश' हें क्रियापदही याच मुळांतून निघालें आहे. तेव्हां ज्याच्याविषयीं चॅरिटी बाळगावयाची, तो मनुष्य आपणांस मोलाचा वाटला पाहिजे, हा त्या शब्दाचा गाभा होय. भिक्षा घालणें हा अर्थही जुनाच आहे. परंतु तो या झाडाची एक फांदी आहे, मूळ नव्हे.

या एका शब्दावरून इंग्लंडांत मोठा वाद माजला होता. विल्यम टिंडेल यानें 1526 साली ग्रीकवरून केलेला नवा करार छापिला, त्यांत त्यानें 'चॅरिटी' सोडून 'लव्ह' हा साधा शब्द घातला. सर टॉमस मोर यानें 1529 साली त्यावर कडक टीका केली. 'लव्ह' हा शब्द भल्याबुऱ्या सर्वच आसक्तींस लागतो, 'चॅरिटी' ही मात्र शुद्ध व सात्त्विक प्रीति, असें त्याचें म्हणणें होतें. हे दोघेही पुढें आपापल्या श्रद्धेपायीं प्राणांस मुकले. मोर 1535 साली, टिंडेल 1536 साली. सन 1611 च्या राजमान्य भाषांतरांत या अध्यायीं 'चॅरिटी' पुन्हां आला. पण त्याच भाषांतरांत इतर बहुतेक ठिकाणीं 'अगापे'साठीं 'लव्ह' हाच शब्द आहे. अखेर 1881 च्या सुधारलेल्या नव्या करारांत येथेंही 'लव्ह' घालण्यांत आला. कारण तोंवर लोकांच्या तोंडीं 'चॅरिटी' म्हणजे केवळ दानधर्म, असेंच होऊन बसलें होतें.

म्हणजे आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे. पौल दानाविषयीं नव्हे, प्रीतीविषयीं बोलत आहे. आणि प्रीतीवांचून दान होऊं शकतें, हेंच त्यास दाखवावयाचें आहे. परंतु आमच्या मतें खरा प्रश्न पुढेंच आहे. इतका थोर शब्द इतका लहान कां झाला? शब्द आपोआप झिजत नाहींत. माणसें आपल्या वागणुकीनें ते झिजवितात. देणारांनीं वरून हात केला, घेणाऱ्याची मान खालीं गेली, आणि 'चॅरिटी' हा शब्द घेणाऱ्याच्या कानांस अपमानाचा वाटूं लागला.

दुसऱ्यास बोल लावण्यापूर्वीं आम्ही आपलाच दोष सांगतों. शिक्षकाच्या पेशांत आम्ही नवे होतों, तेव्हां नादारी मिळालेल्या मुलांचीं नांवें वर्गांत मोठ्यानें वाचून त्यांस उभें करीत असूं. त्यांत कांहीं गैर आहे, असें आमच्या ध्यानींही आलें नाहीं. एके दिवशीं त्यांतील एक मुलगा शाळेस आला नाहीं. दुसऱ्या दिवशीं नाहीं, तिसऱ्या दिवशींही नाहीं. चौथ्या दिवशीं त्याचे वडील कामाचा खाडा करून आले व म्हणाले, "सर, उसनंपासनं करून फी भरतो, पण पोराला चारचौघांत उभं करू नका." त्या दिवसापासून आम्ही नांवें वाचणें सोडिलें. मुलास पैसे मिळत होते, पण तो आम्हांस मोलाचा आहे, हें त्यास कोणीं सांगितलें नव्हतें.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला या दृष्टीनें पुन्हां वाचून पाहावा. तो प्रथम जखमी मनुष्याजवळ गेला, स्वतःच्या हातांनीं त्याच्या जखमा बांधिल्या, त्यास आपल्या जनावरावर बसविलें व रात्रभर त्याची काळजी घेतली. दोन दीनार निघाले ते दुसऱ्या दिवशीं. आमचें दान बहुधा दीनारांपासून सुरू होतें आणि तेथेंच संपतें.

यावर कोणी म्हणेल कीं, मग देणें नको, मनांत प्रीति असली म्हणजे झालें. हें तर त्याहूनही वाईट. उघड्यावाघड्यास नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेस लावणाराची याकोबानें आपल्या पत्रांत चांगलीच हजेरी घेतली आहे. भुकेल्यास भाकरीच पाहिजे. मात्र ती पाटावर बसवून वाढावी, उंबऱ्याबाहेर टाकूं नये.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, मुलाच्या हातून कोणास कांहीं देवविणें झाल्यास त्या मनुष्याचें नांव व विचारपूसही त्यास करावयास शिकवावें. आणि विद्यार्थिमित्रहो, शेजारच्या मुलास आपलें पुस्तक द्याल, तेव्हां तें बांकाखालून द्या, आणि दिल्याचें विसरून जा. जुन्या कोशांत धूळ खात पडलेला 'चॅरिटी'चा तो पहिला अर्थ, आपल्या शाळेच्या एखाद्या बांकावर तरी पुन्हां जिवंत होईल.