डबलसीट निघताय? उन्हाळ्यात टायरमधली हवा कमी करू नका

मे महिन्यात नागपूरहून साकोलीमार्गे नागझिऱ्याला बुलेटवर डबलसीट निघालात की ‘टायर फुटेल, हवा कमी ठेवा’ असा सल्ला हमखास मिळतो. होते उलटेच. कमी हवेचा टायर वजनाखाली जास्त दबतो आणि त्यानेच अधिक तापतो. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की दाब साधारण १ पीएसआय वाढतो. कंपनीच्या आकड्यात ही वाढ धरलेली असते. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. मागे बसणाऱ्याचा भार मुख्यतः मागच्या चाकावर येतो, त्यामुळे मॅन्युअलमध्ये डबलसीटसाठी त्या चाकाचा आकडा सहसा जास्त असतो. तोच पाळा. नवा टायर घेताना भारांक पाहा: ६६ म्हणजे ३०० किलो. जाड नक्षीच्या ऑफरोड टायरची हौस मात्र इथे फुकट. जंगल सफारीत दुचाकीला प्रवेशच नाही.