सिमकार्डाचे कुलूप

गणेशोत्सवाची मिरवणूक असो वा इंदूरच्या सराफ्यातील रात्रीची गर्दी, खिशातील मोबाइल नाहीसा झाला की मनुष्य प्रथम त्याच्या किमतीचा शोक करतो. वास्तविक यंत्र पुन्हा विकत मिळते. परंतु त्यातील आधारपत्राची छायाचित्रे, बँकेचे संदेश आणि घरातील खासगी पत्रव्यवहार परक्याच्या हाती गेला, तर तो परत कसा घ्यावा? आम्हां शिक्षकांच्या मोबाइलमध्ये तर कित्येक पालकांचे क्रमांक असतात. ते आमचे धन नव्हे. ती इतरांनी विश्वासाने सोपविलेली ठेव आहे.

पडद्याला कुलूप लावले की बहुतेक जण निश्चिंत होतात. ते हवेच, पण चोराने सिमकार्ड काढून दुसऱ्या यंत्रात घातले, तर बँकेकडून येणारा ओटीपी त्यालाच मिळतो. यास्तव सिमकार्डालाही स्वतंत्र पिन लावावा. ही सोय मोबाइलच्या सेटिंगमध्ये असते. मात्र कंपनीने ठरविलेला मूळ पिन आधी विचारून घ्यावा, अंदाजाने आकडे घालू नयेत. कारण तीन वेळा चूक झाली की पीयूके क्रमांकावाचून कार्ड उघडत नाही. बंद पडद्यावर संदेशांचा मजकूर दिसणार नाही, अशीही व्यवस्था करावी. आणि मोबाइलच्या कव्हरात एटीएम कार्ड व पिनची चिठ्ठी ठेवण्याची सवय तर आजच सोडावी.

*#०६# हे दाबले की यंत्राचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो घरच्या वहीत टिपून ठेवावा. चोरी झालीच, तर प्रथम सिमकार्ड बंद करवावे, लगेच बँकेस कळवून व्यवहार थांबवावेत आणि दुसऱ्या यंत्रावरून आपल्या खात्यात शिरून मोबाइलमधील माहिती पुसण्याची आज्ञा द्यावी. मग पोलिसांत तक्रार नोंदवून त्याच क्रमांकाचे नवे सिमकार्ड घ्यावे. तक्रारीची प्रत जोडून केंद्र शासनाच्या ‘संचार साथी’वर विनंती केली असता ते यंत्र देशातील मोबाइल सेवांसाठी निरुपयोगी करता येते. खात्यातून पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

वाचकहो, हे सारे क्रमांक कागदावर उतरवून कपाटात ठेवा आणि घरातील वडीलधाऱ्यांनाही त्याची जागा दाखवा. कारण ते केवळ मोबाइलमध्येच असतील, तर ऐन गरजेच्या वेळी तेही चोराबरोबरच गेलेले असतील.